तडीपार गुलाब

काकांनी माझी मुलाखत नाकाने घेतली. मी दारात वळकटी घेऊन उभा होतो. ते हिंचक्यावरून, म्हणजे आपल्या झोपाळ्यावरून, उठले, माझ्याभोवती एक सावकाश फेरी मारली आणि परत हिंचक्यावर जाऊन डोळे मिटून बसले.

"रेल्वेचा डबा," ते म्हणाले. "खोबरेल तेल. लसणाची चटणी, ती पिशवीत आहे. आणि खोटं बोलायची थोडी तयारी."

"नाही हो, मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"बघा, सुरुवात झाली." मग आत तोंड करून ओरडले, "अगं, यांना खोली दिली. चहा टाक!"

माझ्याआधी आलेल्या एका बँकेतल्या गृहस्थाला त्यांनी पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. त्याच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. काकांचं म्हणणं असं की हा माणूस स्वभावाने कपाटात राहणारा आहे, वागेल सभ्य, पण दिवाळीला फराळाचं ताट आणून देणार नाही. मी साताऱ्याचा, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं नाव 'सातारकर' पडलं. माझं खरं आडनाव त्यांनी भाडेकराराच्या कागदावर एकदाच लिहिलं आणि त्यानंतर कधीही वापरलं नाही.

बडोद्याच्या मांजलपुरातली ती सोसायटी तेव्हा नवीन होती. दारादारात केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि ज्या दुकानांत पूर्वी टाल्कम पावडरचे दोन प्रकार मिळत तिथे परदेशी नावांचे स्प्रे रांगेने उभे राहायला लागले होते. सोसायटीत सगळे काकांना 'साहेब' म्हणत. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात न्यायाधीश होते, वडील वकील, आणि काका स्वतः कोर्टात शिरस्तेदार. म्हणजे घराण्यातला न्याय पिढीगणिक एकेक पायरी खाली उतरत आला होता. काकांच्या वाट्याला आलं ते दुसऱ्यांनी दिलेले निकाल नीट टाचून फडताळात ठेवायचं काम. तीस वर्षं त्यांनी ते बिनचूक केलं. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस सुटला. स्वतःच निकाल द्यायला लागला, आणि तेही अत्तरांचे.

अत्तरांचेच का, असं मी एकदा विचारलं.

"माणसांचा निकाल लागला की कोणीतरी रडतं," काका म्हणाले. "तीस वर्षं बघितलं. बाटली रडत नाही."

त्यांच्या कोर्टाचे नियम कडक होते. ज्या दिवशी एखाद्या अत्तराची 'तारीख' असे त्या दिवशी घरात कांदा, लसूण आणि हिंग यांना बंदी. काकू सकाळी स्वयंपाकघरातूनच विचारत, "अहो, शाकात हिंग घालू, की आज तारीख आहे?" आठवड्यातून चार दिवस तारीख असे. त्या माउलीने आयुष्याची कितीतरी वर्षं दुधीचं बिनहिंगाचं शाक आणि खिचडी रांधण्यात घालवली. शेजारच्या बेन रोज सकाळी अगरबत्ती लावत, तर काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे रीतसर अर्ज केला की सुनावणीच्या दिवशी दहा ते पाच या वेळात देवाने विनाअगरबत्तीचं चालवून घ्यावं. चामड्याच्या चपला ते घालत नसत, कारण चामडं साक्षीदार फोडतं. दोन वासांच्या मध्ये नाक धुवायला ते गव्हाच्या पिठाच्या डब्यात तोंड घालत, त्यामुळे सुनावणीच्या दिवशी त्यांच्या मिशा पांढऱ्या असत. बाकीच्या दिवशी त्या कलपाने काळ्या.

सगळ्यात मोठा नियम हा की अत्तर लावणाऱ्याने स्वतः त्याचा वास घ्यायचा नाही. बाटली उघडताना एकदा घ्यायचा, तेवढाच. मग डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला लावायचं आणि विसरून जायचं. "आरोपीने स्वतःचा निकाल लिहायचा नसतो," ते म्हणत. वास लोकांनी घ्यायचा आणि काकांनी लोकांची तोंडं वाचायची. त्यासाठी प्रत्येक अत्तराच्या तीन तारखा पडत. पहिली रांगेत, दुसरी लग्नात, तिसरी बेसण्यात.

बेसणं म्हणजे गुजराती मंडळींची शोकसभा. माणूस गेला की दोनचार दिवसांत एखादा हॉल घेतात, पेपरात फोटोसकट निवेदन देतात. लोक पांढरे कपडे घालून येतात, फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या वाहतात, दोन मिनिटं गप्प बसतात, घरच्यांना हात जोडतात आणि पाणीसुद्धा न पिता निघून जातात. काका सकाळी पेपर उघडून आधी निवेदनांचं पान काढत. ओळखीचे, अनोळखी असा भेद नव्हता. शेवटच्या ओळीत दहा मिनिटं बसायचं, तोंडं वाचायची, हात जोडायचे, परत. "रांगेत माणूस चिडलेला असतो, लग्नात फुगलेला असतो आणि बेसण्यात खरा असतो," असं त्यांचं शास्त्र होतं. मला हा सगळा प्रकार भारी करमणुकीचा वाटे. माझी स्वतःची मान त्यात अडकेपर्यंत.

मी एका मुंबईच्या सुगंधी माल बनवणाऱ्या कंपनीचा बडोद्यातला विक्रेता होतो. सयाजीगंजात एका जिन्यावरच्या खोलीत दोन टेबलं आणि एक टेलिफोन, एवढं आमचं ऑफिस. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. मार्चअखेर कायम करायचं की नारळ द्यायचा ते अहमदाबादचे मॅनेजर ठरवणार होते. आणि कराडला माझं लग्न ठरलं होतं. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जावईबापू, मुहूर्त वैशाखात बघू, पण नोकरी पक्की झाल्याचं पत्र आधी दाखवा." मुलगी मी एकदाच पाहिली होती. चहाचा कप देताना ती उगाचच हसली होती, आणि त्या हसण्यावर मी बडोद्यात पाच महिने काढले होते. ते पत्र मिळालं नसतं तर ते हसणं दुसऱ्या कोणाच्या तरी चहाबरोबर गेलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

माघात कंपनीने नवीन अत्तर काढलं. नाव होतं 'हनीमून'. गुलाबाचंच, पण भडक नाही. लावल्यावर आधी नुकतं पाणी शिंपडलेल्या फुलासारखं वाटायचं, मग हळूच खालून लाकूड वर यायचं, चंदनाच्या जुन्या पेटीचं झाकण उघडावं तसं, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही मिळून एक मऊ, शांत वास उरायचा. मला फार आवडलं. मॅनेजर म्हणाले, "लग्नसराईत हे खपव, पत्र तुझं."

बडोद्यात अत्तर खपवायचं म्हणजे मांडवीतल्या एका शेठच्या दुकानात ते लागायला हवं. तिथे लागलं की बाकीची दुकानं आपोआप मागतात. शेठनी बाटली हुंगली, मान डोलावली आणि बाटली परत माझ्यापुढे ठेवली.

"माल सारो छे, भाई. पण पेला मांजलपुरवाळा साहेबने बतावो. ए हा पाडे तो हुं पचास डझन लईश." म्हणजे आधी काकांनी हो म्हणायचं, मगच पन्नास डझन.

पूर्वी एकदा काकांनी नापास केलेलं एक अत्तर शेठनी हट्टाने दुकानात ठेवलं होतं. उन्हाळा लागताच ते बिघडलं आणि दोन महिने त्या दुकानात ओल्या बोकडाचा वास येत होता. तेव्हापासून काकांच्या नाकाला मांडवीत हायकोर्टाची किंमत होती.

म्हणजे माझी नोकरी आणि माझं लग्न माझ्याच घरमालकाच्या मनगटावर येऊन बसलं. मी तसाच स्कूटर हाणत घरी आलो आणि काकांना सगळं सांगितलं. हसणाऱ्या मुलीचंही सांगितलं. वाटलं, माणूस विरघळेल.

"वशिला नोंदवून घेतला," काका म्हणाले. "आणि फेटाळला. उद्या तारीख. पुकारा तुम्ही करायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटल्यावर उभा राहून तीनदा ओरडलो, "हनीमून हाजिर हो!" शेजारच्या बेन अगरबत्ती विझवून बाहेर येऊन बघायला लागल्या. काकांनी पिठात तोंड घालून घेतलं, बाटली उघडली, एकदाच वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओळखीचा आहे हा," ते म्हणाले. "कुठे भेटलो ते लक्षात येत नाही."

पहिली तारीख टेलिफोन बिलाच्या रांगेत पडली. त्या रांगेत रोज निदान एक तरी भांडण होई. त्या दिवशी काकांच्या पुढे कोणी घुसलं नाही. एक तरुण तर बाजूला होऊन म्हणाला, "वडील, तमे पहेलां." खिडकीतल्या बाईंनी सुटे पैसे मागितले नाहीत. मी खूश झालो.

"लोक सभ्य वागले," काका स्कूटरवर माझ्या मागे बसत म्हणाले. "संशयास्पद आहे."

दुसरी तारीख गोत्री भागात होती. काकांच्या जुन्या ओळखीतल्या एका वकिलाच्या मुलीचं लग्न, मोठ्या पार्टी प्लॉटवर. बँड वाजत होता, पोरं नाचत होती. आम्ही आत शिरलो आणि दोनच मिनिटांत एक गृहस्थ समोरून आले. हसत हसतच आले. काकांच्या जवळ येताच त्यांचं हसू मावळलं. त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

"साहेब! क्यारे थयुं?"

"काय कधी झालं?"

"भगवाननी मरजी," असं म्हणून त्यांनी काकांचा खांदा थोपटला आणि ते खाली मान घालून निघून गेले.

मग एक बाई आल्या. त्यांनी बोलता बोलता पदर डोक्यावरून घेतला. जेवणाच्या रांगेत एका मराठी जोडप्याने आम्हाला पुढे जाऊ दिलं. "तुम्ही घ्या आधी, काका. दोन घास तरी खा. असं मनाला लावून घेऊ नका." काकांच्या कोर्टातला एक जुना सहकारी तर बँडच्या आवाजात त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "कोण गेलं?"

"कोणी नाही!" काका ओरडले.

"सांगवत नाही, समजतं मला!" तो ओरडला आणि रुमालाने डोळे पुसायला लागला.

श्रीखंडाची वाटी हातात घेऊन उभ्या उभ्या मला उमगलं. गुलाबाच्या पाकळ्या, फोटोला घातलेला चंदनाचा हार, आणि बंद हॉलमध्ये दोघांचा मिसळून तयार होणारा तो मऊ, शांत वास. मुंबईच्या आमच्या तज्ज्ञांनी नकळत बडोद्याचं बेसणं बाटलीत भरलं होतं. वर त्याचं नाव ठेवलं होतं हनीमून.

मी श्रीखंडाची वाटी तशीच खाली ठेवली. काका मात्र असे खुलले होते की जणू त्यांनाच अक्षता पडल्या. "आठवलं ना मग कुठे भेटलो ते!" परतताना ते मागच्या सीटवरून म्हणाले. "आरोपी हुशार आहे, सातारकर. फार हुशार आहे."

"काका, माझी नोकरी जाईल."

"तिसरी तारीख बाकी आहे," ते म्हणाले. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की रात्री काकूंनी पाठवलेली खिचडी तशीच झाकून ठेवली. सकाळी खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

पेपरातून काकांनी मयत निवडली ती फोटो बघून. "यांचा चष्मा बघा. अगदी सरळ आहे. चांगले गृहस्थ असणार." आम्ही दोघं पांढरे कपडे घालून सयाजीगंजातल्या एका हॉलवर गेलो. काकांनी मनगटाला अत्तर लावलं होतं, मला सोबत म्हणून नेलं होतं. बेत नेहमीचाच, शेवटची ओळ, दहा मिनिटं.

दारातच एक वयस्कर नातेवाईक उभे होते. काका जवळून जाताना त्यांनी श्वास घेतला, थबकले, आणि काकांचा हात धरून त्यांना थेट पुढे घेऊन गेले. ज्याच्या अंगाला गुलाबाचा आणि चंदनाचा एवढा वास, तो माणूस सकाळपासून फोटोजवळ बसलेला असणार, म्हणजे अगदी घरातला असणार, असा त्यांचा हिशेब. काकांना त्यांनी मयताच्या दोन मुलांच्या मध्ये नेऊन बसवलं. लोक ओळीने येऊ लागले आणि थोरल्याला, काकांना, धाकट्याला असे हात जोडू लागले. काकाही जोडू लागले. दुसरं करणार काय? दोन्ही मुलांना वाटलं असणार, बापुजींचा कोणी जुना मित्र आपल्याला माहीत नसलेला. मी समोर बसून घामाने निथळत होतो.

शेवटी भजनं थांबली आणि माईकवरचा माणूस काकांकडे वळून म्हणाला, "वडील, बे शब्द."

काका उठले. तीस वर्षं शपथेवरची कागदपत्रं सांभाळलेला माणूस, खोटं त्यांना येतच नव्हतं. त्यांनी माईक धरला आणि सरळ सांगून टाकलं, "हुं एमने ओळखतो नहोतो."

पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. "साची वात," तो म्हणाला. "कोण कोने ओळखे छे!" सगळ्या हॉलभर माना हलल्या. बायकांमधून एक हुंदका आला.

काका गोंधळले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आपण यांना एकदाही भेटलेलो नाही, फक्त फोटो पाहिला आहे, त्यात यांचा चष्मा सरळ होता, एवढंच आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांनी गुजरातीत अगदी जबानी दिल्यासारखं सांगितलं.

आणि थोरला मुलगा ढसाढसा रडायला लागला. पन्नाशीचा, जाडजूड माणूस. "बापुजी चश्मो कायम सीधो राखता," तो हुंदक्यांतून म्हणाला. "छेल्ले दिवसे पण." अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा.

काका खाली बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बाटली रडत नाही म्हणून ज्यांनी बाटल्या निवडल्या, त्यांच्या शेजारी बाटलीपायी एक माणूस रडत होता.

निघताना तो मुलगा आम्हाला दारापर्यंत पोचवायला आला. काकांना राहवलं नाही. "भाई, मी खरं सांगतो," ते म्हणाले. "मी तुमच्या वडिलांसाठी आलो नव्हतो. हे अत्तर तपासायला आलो होतो. मला माफ करा." आणि त्यांनी खिशातली बाटली काढून दाखवली.

मी डोळे मिटून घेतले. आता आम्हाला मार पडणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्या मुलाने बाटली घेतली, हुंगली, आणि बराच वेळ तशीच नाकाशी धरून उभा राहिला.

"पास थयुं?" त्याने विचारलं.

काकांनी निकालासाठी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "काले आ हॉल खाली थई जशे. आ मने आपशो? फोटा पासे राखीश."

उद्या हॉल रिकामा झाल्यावरही त्याला तो वास फोटोपाशी हवा होता. काकांनी बाटली देऊन टाकली.

घरी येऊन ते हिंचक्यावर न बसता नुसतेच कठड्याला धरून उभे राहिले. काकूंनी पाणी आणून दिलं. "अनोळखी बेसण्याला मी आता जाणार नाही," ते म्हणाले. खरोखरच पुन्हा कधी गेले नाहीत. मग त्यांनी पाणी प्यायलं, मिशीवरचं पीठ पुसलं आणि कोर्टाच्या आवाजात निकाल दिला. अत्तर निर्दोष आहे. मात्र ते बडोदे शहराच्या हद्दीतल्या सर्व लग्नमंडपांतून तडीपार करण्यात येत आहे.

"म्हणजे नापास," मी म्हणालो. "काका, वैशाखात माझं लग्न आहे हो."

"मी निकाल दिला. तुमचं नशीब नाही लिहिलं," काका म्हणाले. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि कराडला लिहायच्या पत्राचा मायना जुळवत बसलो. 'तीर्थरूप' या शब्दाच्या पुढे गाडी जाईना.

आठ दिवसांनी मांडवीहून शेठचा फोन आला. "अरे भाई, क्यां छो? लोको मागवा आवे छे. पेलुं बेसणावाळुं!" त्या मुलाने आपल्या सगळ्या गोतावळ्यात ती बाटली दाखवली होती. कोणाला आईच्या फोटोपुढे ठेवायला एक, कोणाला भावनगरच्या मामांच्या फोटोपुढे ठेवायला एक. आणि तडीपारीचा निकाल मांडवीत पोचला होता, त्यामुळे हे अत्तर नेमकं कुठे चालतं याबद्दल कोणाच्या मनात संशय उरला नव्हता. शेठनी पन्नास डझन घेतलं, मग आणखी पन्नास. खोक्यावर नवपरिणीत जोडप्याचं चित्र होतं ते दुकानात उलटं करून ठेवत. अहमदाबादच्या मॅनेजरना वाटलं, बडोद्यात लग्नांची लाट आली आहे. मला पत्र मिळालं. ते मी आधी काकांना दाखवलं. त्यांनी ते हुंगलं आणि म्हणाले, "शाई खरी आहे."

सासऱ्यांनी लग्न बडोद्याला करायला मान्यता दिली, मुलगा जिथे पक्का झाला ते गाव बघू म्हणाले. मांजलपुरातला हॉल ठरला. आणि मुहूर्ताला तास असताना आमचे मॅनेजर अहमदाबादहून चार खोकी 'हनीमून' घेऊन, कंपनीतर्फे भेट म्हणून, दारात येऊन उभे राहिले. मी आत मुंडावळ्या बांधून घेत होतो. मला कळेपर्यंत त्यांनी येणाऱ्या प्रत्येकावर शिंपडायला सुरुवात केली होती, आणि उरलेलं पंख्यांच्या खाली.

बाहेर आलो तो हॉलमध्ये शांतता. सोसायटीतली, मांडवीतली, ऑफिसातली सगळी बडोदेकर मंडळी ओळीने खाली मान घालून बसली होती. बायकांनी पदर डोक्यावरून घेतले होते. सनईवाल्याने सनई खाली ठेवली होती. शेजारच्या बेन माझ्या आईजवळ गेल्या, हात जोडले आणि पाणीसुद्धा न पिता दाराकडे निघाल्या. त्यांच्यामागून आणखी चारपाच जण उठले.

कराडची मंडळी एकमेकांकडे बघत होती. सासरे माझ्याजवळ आले. चेहरा लाल झाला होता.

"जावईबापू, तुमच्या घरात काही झालंय का? लपवू नका. खरं कळल्याशिवाय मी अक्षता पडू देणार नाही."

मी काय सांगणार? अत्तराचं सांगितलं तर मला वेडा समजले असते. मी काही तरी पुटपुटलो, आणि ते वळून मुलीच्या खोलीकडे जायला निघाले. दारात ती उभी होती, हिरव्या शालूत, आणि या खेपेला हसत नव्हती.

तेवढ्यात काका उठले. मिशा काळ्याभोर, अंगाला कसलाही वास नाही, कारण त्या दिवशी कुठल्याच अत्तराची तारीख नव्हती आणि मॅनेजर दारात उभे राहायच्या आधीच ते आत येऊन बसले होते. ते मंगलाष्टकांच्या माईकपाशी गेले, त्यावर दोनदा टिचकी मारली आणि पुकारा करावा तसे ओरडले.

"मंडळी! कोणी गेलेलं नाही! बसा, जेवून जा!"

कोणी हललं नाही. काका आणखी मोठ्याने म्हणाले, "आजच्या दिवस तडीपारीला स्थगिती आहे!"

आधी मांडवीचे शेठ हसले. मग सगळा हॉल. शेजारच्या बेन दारातून परतल्या. सनई सुरू झाली. कराडकरांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, पण बडोद्याची माणसं मोकळी आहेत असं मत मात्र त्यांचं झालं. आणि दारात उभी असलेली ती हसली. काकांचे मी किती आभार मानले असतील याचा हिशेब नाही. मी त्यांच्या पायाच पडलो, तेव्हा त्यांनी मला हुंगलं आणि म्हणाले, "खोटं बोलायची तयारी अजून आहे. बायकोला उपयोगी पडेल."

माझ्या बायकोच्या लेखी तो वास म्हणजे आमचं लग्न, कायमचा. तिला दुसरं काही समजावून उपयोग नव्हता. बडोद्यातल्या कुठल्याही बेसण्यात गेलो की ती फोटोसमोर उभी राहून मंद हसते, आणि मला तिला कोपराने ढोसावं लागतं.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मराठी घर, पण बडोद्यात राहून बेसणं ठेवलं नाही तर लोकांना आल्यासारखं वाटत नाही. त्याच मांजलपूरच्या हॉलमध्ये काकांचा फोटो मांडला होता, मिशा काळ्या. पाकळ्या, चंदनाचा हार, आणि शेठनी आठवणीने पाठवलेली बाटली. काकू पुढच्या ओळीत बसल्या होत्या. माझी बायको फोटोसमोर उभी राहिली, हसली आणि हसता हसता रडायला लागली. कोणीतरी माझ्या हातात माईक दिला.

"बे शब्द," माईक देणारा म्हणाला.

मी खूप जुळवून आलो होतो. साक्षीदार, तारखा, पिठाचा डबा, सगळं क्रमाने सांगणार होतो. पण तो वास आला आणि यातलं काही सुचेना. मला माझ्या लग्नातला तो एकच आवाज ऐकू येत होता.

"मंडळी," मी म्हणालो, "कोणी गेलेलं नाही. बसा, जेवून जा."

एवढं बोलून मी माईक खाली ठेवला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही, कोणी उठलंही नाही. मग काकू जागच्या उठल्या, पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला घरी. आज शाकात हिंग घालते."